यूएफ बसवू की आरओ? नदीच्या पाण्यातले औषधांचे अंश नक्की कशानं जातात

प्रश्न वाचला. आधी मला नीट कळलाय का बघा. तुमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठचं. ग्रामपंचायत ताशी १००० लिटरचं पाण्याचं एटीएम बसवायच्या विचारात आहे. नदीत औषधांचे अंश, तणनाशकं, मायक्रोप्लास्टिक असलं सगळं सापडतंय असं तुम्ही पेपरात वाचलंय आणि आता हातात दोन कोटेशनं आहेत. एक यूएफवाला (अल्ट्राफिल्टरेशन, म्हणजे बारीक भोकांच्या पडद्यातनं पाणी गाळणं), तो म्हणतोय वीज कमी लागते, पाणी वाया जात नाही आणि "सगळं १०० टक्के निघतं". दुसरा आरओवाला, त्यानं पंचायतीत येऊन ग्लासात दोन रॉड बुडवले, नळाचं पाणी पाच मिनिटांत काळंतांबडं करून दाखवलं, आरओचं तसंच स्वच्छ राहिलं, आणि सरपंच घाबरले. तुम्ही विचारताय की दोघांतला खरं कोण बोलतोय.

खरं सांगू का, दोघंही नाहीत. मी शिरोली एमआयडीसीत पाण्याच्या प्लँटचंच काम करतो, तेवीस वर्षं झाली, सुरुवात फौंड्री आणि साखर कारखान्यांच्या बॉयलरच्या पाण्यापासून केली, आरओ नंतर आला. त्यामुळं हे विकणाऱ्याची भाषा मला चांगलीच कळते, कारण ती मीही बोललोय कधीकाळी.

पहिल्यांदा त्या रॉडच्या डेमोचं सांगतो, कारण गावोगावी हाच दाखवतात. त्या यंत्रात एक लोखंडाचा आणि एक ॲल्युमिनियमचा रॉड असतो. पाण्यात क्षार असले की करंट वाहतो, लोखंड विरघळतं आणि त्याचाच गंज पाण्यात गोळा होतो. तो काळातांबडा गाळ पाण्यातला नव्हे, रॉडचा. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत म्हणून करंट वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. पुढच्या वेळी तो आला की त्याच्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि रॉड बुडवा म्हणावं. तेही तांबडं होतंय. आमच्या एका पाव्हण्याच्या घरात मी हे केलं होतं, सेल्समन चहा न पिताच उठला.

टीडीएस मीटरचंही तसंच. तो फक्त वीज किती वाहते ते मोजतो, म्हणजे विरघळलेले क्षार. औषधाचे अंश त्याला दिसतच नाहीत, कारण ते नॅनोग्रॅममध्ये असतात. नॅनोग्रॅम म्हणजे किती, तर आपलं राधानगरी धरण डोळ्यासमोर आणा, ८.३६ टीएमसी, काठोकाठ भरलेलं, ऑटोमॅटिक दरवाजे उघडायच्या बेतात. त्यात पाव किलो पावडर टाकून सगळं धरण ढवळलं तर लिटरमागे साधारण १ नॅनोग्रॅम होतं. एवढं बारीक मोजायला एलसीएमएस नावाचं मोठं यंत्र लागतं. यातले बरेचसे पदार्थ पाण्यात कित्येक वर्षांपासून आहेत, आता मोजता यायला लागले म्हणून त्यांना नवे प्रदूषक म्हणतात एवढंच.

मग एवढ्याशाची भीती किती बाळगायची? मी डॉक्टर नाही, पण गणित करता येतंय. समजा पाण्यात लिटरला १०० नॅनोग्रॅम डायक्लोफिनॅक, म्हणजे दुखण्यावरचं औषध, आहे आणि तुम्ही रोज २ लिटर पाणी पिताय, तर ५० मिलिग्रॅमची एक गोळी पोटात जायला साधारण ६८५ वर्षं लागतील. म्हणून "पाण्यातून गोळ्या खाताय" असं कोण म्हणालं तर मान डोलवू नका. पण म्हणून काहीच नाही असंही नाही. हेच डायक्लोफिनॅक जनावरांना दिलं जायचं, मेलेली जनावरं गिधाडांनी खाल्ली आणि मूत्रपिंड निकामी होऊन गिधाडं संपत आली, शेवटी २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कॅनडात एका तळ्यात मुद्दाम गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन लिटरला ५-६ नॅनोग्रॅम इतकं ठेवून बघितलं, काही वर्षांत तिथले बारके मासे जवळजवळ संपले, तो अभ्यास २००७ ला छापून आला. त्याच वर्षी हैदराबादजवळच्या पटांचेरूचा रिपोर्ट आला, औषध कारखान्यांचं सांडपाणी साफ करणाऱ्या प्लँटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. मिलिग्रॅम बरं का, नॅनो नाही. असल्या पाण्यात जगणारे जंतू अँटिबायोटिकला दाद देईनासे होतात, आणि मला विचाराल तर खरी काळजी ती आहे.

आपल्याकडं काय असणार याचा अंदाज बांधता येतो. कोल्हापूरचं, इचलकरंजीचं सांडपाणी, म्हणजे शुगरच्या, बीपीच्या, दुखण्याच्या गोळ्या आणि अँटिबायोटिक. कापड प्रोसेसिंगमधले डिटर्जंट आणि त्यांचे तुटून राहिलेले भाग. आणि उसाचं तणनाशक, पहिल्या पावसात रानातून वाहून येणारं ॲट्राझीन वगैरे. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे आणि इथंच सगळी मेख आहे. "मेम्ब्रेननं प्रदूषक जातात का" हा प्रश्नच अर्धा आहे. कुठलं मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पातळ पडदा, आणि कुठला रेणू, हे दोन्ही सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

आता यूएफ बघू. यूएफची भोकं साधारण ०.०१ ते ०.१ मायक्रॉन. जंतू अडतात, गढूळपणा जातो, बहुतेक व्हायरस अडतात, मायक्रोप्लास्टिक तर आरामात अडतं. पुराच्या दिवसांत यूएफसारखं दुसरं काही नाही, मी स्वतः त्याचा भोक्ता आहे. पण औषधाचा रेणू एक नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे यूएफच्या भोकापेक्षा दहा ते शंभर पटीनं बारीक. वाळू चाळायच्या जाळीनं मैदा अडवायचा प्रकार झाला हा. त्यामुळं त्या यूएफवाल्याचं "सगळं १०० टक्के" हे मायक्रोप्लास्टिकपुरतं जवळपास खरं आहे, औषध आणि तणनाशकापुरतं साफ खोटं. यूएफच्या आधी पावडर कार्बन, म्हणजे सक्रिय कोळशाची भुकटी, पाण्यात मिसळला तर मात्र गोष्ट बदलते, औषध कार्बनला चिकटतं आणि कार्बनचे कण यूएफ अडवतं. पण रोज पावडर डोस करायची, गाळ काढायचा, हे गावच्या प्लँटवर कोण करणार?

त्याच्या पुढं नॅनोफिल्टरेशन, एनएफ म्हणतात त्याला, आणि मग आरओ. इथं भोकं म्हणून काही धड उरतच नाहीत. पॉलिअमाइडचा एक थर असतो, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, पाण्याचे रेणू त्यात विरघळत विरघळत पलीकडं जातात. कोण अडणार हे तीन गोष्टींवर ठरतं. एक आकार. एनएफ साधारण २०० ते ४०० डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) वरचं अडवतं, आरओ १०० च्या आसपासचंही. दुसरं विद्युतभार. मेम्ब्रेनचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, आणि डायक्लोफिनॅक (२९६ डाल्टन), आयबुप्रोफेन (२०६), सल्फामेथॉक्साझोल (२५३) हे नेहमीच्या पीएचला ऋणभारितच असतात, त्यामुळं मेम्ब्रेन त्यांना ढकलून लावतं. एनएफसुद्धा यांना चांगलं अडवतं. तिसरं म्हणजे रेणूला पाणी आवडतं की तेल. तेलकट स्वभावाचे रेणू, उदाहरणार्थ प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल ए, आधी मेम्ब्रेनला चिकटून बसतात, मग हळूहळू झिरपत पलीकडं निघतात. नवीन मेम्ब्रेनवर दोन तासांत टेस्ट घेतली तर रिझल्ट झकास येतो आणि आठवड्याभरानं उतरतो. माहितीपत्रक असल्या दोन तासांच्या टेस्टवर छापलेलं असू शकतं, म्हणून टेस्ट किती तास चालवून घेतली ते विचारत जा.

बारीक आणि भाररहित रेणू मात्र त्रास देतात. पॅरासिटामॉल १५१ डाल्टनचं, भार नाही, एनएफमधून बऱ्यापैकी निसटतं. एनडीएमए नावाचा ७४ डाल्टनचा एक पदार्थ आहे, पाण्यातले जंतू मारायच्या क्लोरामाइनच्या प्रक्रियेत तयार होतो, तो आरओमधूनसुद्धा निम्म्याच्या आसपास पार होतो. कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीचा प्लँट २००८ पासून सांडपाणी पिण्याच्या दर्जाचं करून जमिनीत मुरवतोय, तिथं मायक्रोफिल्टर, मग आरओ, आणि त्यानंतरही यूव्ही आणि पेरॉक्साइड ठेवलंय ते असल्याच बारक्या चोरांसाठी. उलट पॅरिसजवळ मेरी-सुर-वाझ इथं १९९९ ला वाझ नदीच्या पाण्यावर एनएफचा मोठा प्लँट बसवला, दिवसाला १४ कोटी लिटरचा, मुख्य दुखणं ॲट्राझीनसारखी तणनाशकं आणि पाण्यातला सेंद्रिय अंश. त्यांचं पाणी खारं नव्हतं म्हणून ते आरओपर्यंत गेलेच नाहीत. तुमचं पाणी नदीचं असेल तर तुमचं दुखणं ऑरेंज काउंटीपेक्षा पॅरिसच्या जवळचं आहे.

म्हणून माझा पहिला उलट प्रश्न हा, पाणी नदीचं घेणार की बोअरचं? हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं त्याच्यावर आहे. शिरोळात क्षारपड जमिनी आहेत, बोअर खारं लागतं, टीडीएस ५०० च्या वर असेल तर आरओशिवाय पर्याय नाही, मग घ्या आरओ. पण नदीचं पाणी असेल, टीडीएस दोन-अडीचशेच्या आत, तर आरओ लावून क्षार पार काढायचे आणि मग चव येत नाही म्हणून परत मिसळायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंही म्हटलं होतं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथं आरओ नको.

आणि ते "परत मिसळणं" म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण हे कोण सांगत नाही. आरओला टीडीएस कंट्रोलर म्हणून एक बारका व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की आरओ न झालेलं पाणी बायपासनं शुद्ध पाण्यात मिसळतं. समजा २० टक्के मिसळलं, तर मेम्ब्रेन कितीही भारी असू दे, औषधाचे अंश ८० टक्क्यांच्या वर कमी होऊच शकत नाहीत, कारण पाचवा हिस्सा पाणी मेम्ब्रेनच्या दारातनं गेलेलंच नाही. घरच्या प्युरिफायरमध्येही हाच व्हॉल्व्ह असतो, टेक्निशियन स्क्रू ड्रायव्हरनं फिरवतो, "गोड पाणी येईल बघा वहिनी" म्हणतो, आणि आपण खूश. क्षार हवेत तर बायपास बंद ठेवून कॅल्साइटचं (चुनखडीच्या खड्यांचं) काट्रिज लावा. एनएफमध्ये ही भानगडच कमी, थोडे क्षार आपोआप राहतात.

नदीच्या पाण्यासाठी मी स्वतः काय बसवीन, तर सँड फिल्टर, मग यूएफ, मग कार्बन, मग एनएफ, शेवटी यूव्ही. कार्बन आणि एनएफ एकमेकांची उणीव भरून काढतात. कार्बनला भाररहित, तेलकट रेणू आवडतात, ॲट्राझीन, कार्बामाझेपिन, बिस्फेनॉल. भारवाले तो सोडतो, पण त्यांना एनएफ ढकलतं. पीएफएएस, म्हणजे ते न तुटणारे फ्लोरिनचे पदार्थ, ज्यांतल्या दोघांना अमेरिकेनं २०२४ ला लिटरला ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली, त्यांतल्या लांब साखळीचे कार्बनवर बसतात, आखूड साखळीचे कार्बनवरून लवकर निसटतात पण एनएफ-आरओ अडवतं. एकाच्या जिवावर राहू नका.

पण कार्बन म्हणजे कोटेशनमध्ये लिहिलेली ती टाकी नव्हे. तुमच्या प्लँटला १००० लिटर शुद्ध मिळायला ताशी साधारण २००० लिटर कच्चं पाणी आत जाणार. वेंडर देतात १३ इंची व्यासाचं ५४ इंच उंच एफआरपी व्हेसल, म्हणजे फायबरची टाकी, त्यात कार्बन मावतो ७५ लिटरच्या आसपास. भागून बघा, पाणी कार्बनमध्ये थांबतं सव्वादोन मिनिटं. क्लोरीन काढायला ते बास आहे. औषध आणि तणनाशकाला दहा मिनिटं तरी हवीत, म्हणजे सव्वातीनशे लिटरच्या वर कार्बन, तसली पाच व्हेसलं. एवढं सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं तुमचं कोटेशन महाग आहे. आहेच.

आता एक अनुभव, माझ्याच कामातला. एका संस्थेचा प्लँट होता, नाव नको. पावसाळ्यात कावीळ आली अशी गावात चर्चा झाली, २०१२ ची इचलकरंजीची कावीळ सगळ्यांच्या डोक्यात असतेच, म्हणून तिथल्या माणसानं जमिनीखालच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर दुप्पट टाकायला सुरू केली. त्याची चूक म्हणवत नाही, जंतू मारायचे म्हणूनच टाकली. पण कार्बन दोन वर्षं बदललेला नव्हता आणि क्लोरीन मारणाऱ्या बायसल्फाइटच्या डोसिंग पंपात हवा धरली होती, नुसताच टकटक करत होता. क्लोरीन सरळ मेम्ब्रेनवर. पॉलिअमाइडला क्लोरीन म्हणजे विष, हिशेब साधारण १००० पीपीएम-तासांचा (क्लोरीनचं प्रमाण गुणिले तास) धरतात, ३ पीपीएम जात असेल तर दोन आठवड्यांत खेळ खलास. गंमत म्हणजे प्लँट बिघडला असं कुणालाच वाटलं नाही. उलट प्रेशर उतरलं, प्रवाह दाखवणारा रोटामीटर वर गेला, पाणी जास्त यायला लागलं. मला फोन आला तो "साहेब प्लँट एकदम भारी चाललाय" सांगायलाच. मी विचारलं टीडीएस किती, म्हणाला पूर्वी १८ असायचा, आता ७०, पण ७० म्हणजे चांगलंच की.

एक मेम्ब्रेन काढून शिरोलीला आणलं आणि ग्राइंडरनं वरचं कवच उभं कापलं. आत केळीच्या सोपटासारखी पानं गुंडाळलेली असतात, ती फरशीवर पसरली. पानांवर शेवाळ नाही, गाळ नाही, दिसायला नवंकोरं. मग वरच्या बाजूला गुलाबी रंगाचं पाणी लावलं, खालून व्हॅक्यूम दिला, आणि उलटं केलं. मागच्या पांढऱ्या कापडावर सगळीकडं गुलाबी डाग उमटले होते. चांगलं मेम्ब्रेन असतं तर रंग वरच राहिला असता.

पण त्यातलं ७० बघा. पिण्याला ७० टीडीएस उत्तम, कुठलाही रिपोर्ट पास होणार. मीठ अजून बऱ्यापैकी अडत होतं, पण बारके भाररहित रेणू आधी सुटतात आणि ते कुणीच मोजत नव्हतं. म्हणून टीडीएस मीटरला वर शिव्या घातल्या तरी तो फेकू नका. प्रदूषक मोजायला तो निरुपयोगी आहे, मेम्ब्रेनची तब्येत बघायला मात्र तोच. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस रोज वहीत लिहायचा, किती टक्के अडतंय ते काढायचं, आणि प्रेशर न वाढवता पाणी अचानक जास्त यायला लागलं की पेढे वाटायच्या आधी क्लोरीन किटनं मेम्ब्रेनच्या आधीचं पाणी तपासायचं.

रिजेक्टबद्दल, म्हणजे मेम्ब्रेननं मागं टाकलेल्या पाण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. मेम्ब्रेन काही नष्ट करत नाही, फक्त वेगळं काढतं. निम्मं पाणी शुद्ध काढलं तर उरलेल्या निम्म्यात सगळं दुप्पट दाट होतं. नदीतूनच आलंय ते नदीतच गेलं, एकूण वाढलं नाही, असं म्हणता येईल, आणि ताशी १००० लिटरच्या प्लँटला ते चालूनही जाईल, शौचालयाला, गाड्या धुवायला वापरा, फक्त शेजारच्या विहिरीत मुरू देऊ नका. पण शहराच्या लेव्हलला हा उपाय नाही. स्वित्झर्लंडनं २०१६ पासून कायद्यानं मोठ्या सांडपाणी प्लँटवर हे अंश काढायला लावले, तिथं भर ओझोन आणि पावडर कार्बनवर दिला, मेम्ब्रेनवर नाही, आणि तेही सांडपाणी नदीत जायच्या आधी. आपण वरनं सोडायचं आणि खालच्या गावानं मेम्ब्रेन लावायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

टेस्टचं एवढं करा. दोन नमुने घ्या, एक मे महिन्यात, नदी आटलेली असते तेव्हा सांडपाण्याचा वाटा सगळ्यात जास्त असतो, आणि एक जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत, तणनाशकासाठी. औषधांसाठी तपकिरी काचेची बाटली, बर्फात, पीएफएएस बघायचं असेल तर प्लास्टिकची, टेफ्लॉनचं झाकण नको. लॅब एनएबीएलची मान्यता असलेली घ्या आणि आधी विचारा की नॅनोग्रॅमपर्यंत मोजता का, नाहीतर "आढळले नाही" असा कागद येतो आणि त्यांच्या मशीनची मर्यादाच वर असते. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मध्ये ॲट्राझीनला लिटरला २ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, औषधांना मर्यादाच नाही, त्यामुळं औषधांच्या बाबतीत लॅबनं "पास" लिहिलं असेल तर कशाच्या आधारावर ते विचारा. आणि या सगळ्याच्या आधी साधी जंतूंची टेस्ट. ती नापास असेल तर औषधं बाजूला ठेवा, आधी क्लोरीन आणि गळक्या पाइपा बघा.

बोअर की नदी ते सांगा, दोन्ही कोटेशनांचे फोटो इथंच टाका. कार्बनच्या टाकीचा साइज लिहिलेली ओळ दिसेल असा काढा, १३५४ लिहिलं असेल तर पुढचं कोटेशन मी न वाचताच सांगतो.